काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं

नारायणगाव कुठं संपतं आणि वारूळवाडी कुठं सुरू होते, हे पुणे-नाशिक रस्त्यानं जाणाऱ्याला कळत नाही. याच वारूळवाडीतल्या एका छोट्या वाचनालयाला कुणीतरी वापरून झालेला संगणक भेट दिला होता. विंडोजचा परवाना घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यावर उबुंटू हे लिनक्स बसवलं. पुस्तकांची नोंद त्यातच. गेल्या पावसाळ्यात तिथल्या काकांचा फोन आला. "सर, मशीन रोज मरतंय. आणि आता पुस्तकांची यादीच गायब झालीय."

मी गेलो. काकांनी बटण दाबलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी भराभर वर सरकू लागल्या. काकांनी मनात दहा आकडे मोजले आणि तेच बटण दाबून धरून यंत्र बंद केलं. मी विचारलं, "का हो?" तर म्हणाले, "एवढं इंग्रजी येतंय म्हणजे बिघडलंच असणार ना?"

यंत्र मरत नव्हतं. काका ते रोज मारत होते. असं मधेच बंद पडलेलं लिनक्स पुढच्या वेळी डिस्कची तपासणी करतं, आणि ती तपासणीही मधेच तोडली तर दुरुस्ती अर्धी राहते. यादीची फाइल अखेर 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या कप्प्यात सापडली. नाव हरवलेली, नुसता एक आकडा लावलेली. मिळाली हे नशीब. पण तोवर माझ्या लक्षात आलं होतं, की ज्या सजावटीला आम्ही जाणकार मंडळी हसत आलो, ती इथं यादी वाचवू शकली असती.

ती सजावट म्हणजे संगणक सुरू होताना दिसणारा चित्रपडदा. लिनक्सच्या जगात तो उशिरा आला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं ही प्रणाली जाहीर केली, तेव्हा ती वापरणाऱ्यांना त्या धावत्या ओळी हव्याच होत्या. कुठला भाग जागा झाला, कुठला अडला, हे त्यातूनच कळे. नंतर सामान्य माणूस लिनक्सकडे आला. रेड हॅटनं त्याच्यासाठी चित्रपडदा केला, पण केवळ तेवढ्यासाठी खिडक्या-चित्रांची सगळी यंत्रणा आधी उठवावी लागे. २००८ च्या फेडोरा १० मध्ये 'प्लिमथ' आला आणि ती खटपट संपली. २०१० मध्ये उबुंटूनंही तोच घेतला. आज बहुतेक लिनक्सवर सुरुवातीचं चित्र दाखवतो तो प्लिमथच.

मराठी वाचकाच्या दृष्टीनं यात आणखी एक गोम आहे. त्या काळ्या पडद्यावर मराठी उमटूच शकत नाही. तिथं प्रत्येक अक्षराला सारख्या मापाचा चौकोन, आणि एका वेळी फार तर ५१२ आकृत्या. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार यांना त्या चौकोनांच्या चाळीत खोली नाही. रेड हॅटचा 'लोहित' हा देवनागरी टंक २००४ पासून मोफत मिळतो, पण तो कामाला येतो चित्राचा पडदा उघडल्यावर. म्हणजे मराठी दिसण्याची पहिली जागा हाच चित्रपडदा.

काकांच्या यंत्रावर तो का नव्हता? सुरुवातीला 'ग्रब' नावाचा कार्यक्रम लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, हाक मारतो आणि सोबत काही निरोप देतो. त्यात 'क्वाएट' असेल तर ओळी गप्प राहतात, 'स्प्लॅश' असेल तर प्लिमथ चित्र दाखवतो. इथं दोन्ही शब्द पुसलेले होते आणि तिसराच एक शब्द होता: 'नोमोडसेट'. पडद्याचं माप ठरवायचं काम आता कर्नल स्वतः करतो. या शब्दानं ते करायला मनाई होते. लिनक्स बसवताना पडदा कोरा दिसू लागला, की जाणकार तात्पुरता हा शब्द घालतात आणि बहुतेक वेळा काढायला विसरतात. मीही विसरलो आहे.

असे बदल थेट कायमचे करू नयेत. ग्रबची यादी दिसत असताना 'ई' ही कळ दाबली, की निरोपाची ओळ त्या एका वेळेपुरती बदलता येते. चुकलंच तर पुढच्या वेळी सगळं पूर्ववत. मी तसं करून पाहिलं, चित्र आलं. मग ग्रबच्या फाइलीत बदल केला आणि 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा दिली. ती दिली नाही तर फाइल बदलूनही काही होत नाही.

आता मराठी. चित्राखाली ओळ हवी होती: 'थोडं थांबा, ग्रंथालयाचा संगणक सुरू होतोय. विजेचं बटण दाबू नका.' ती मी मजकूर म्हणून दिली, पुन्हा सुरू केलं, तर बदल शून्य. कारण प्लिमथ जागा होतो तेव्हा मुख्य डिस्क उघडलेलीच नसते. कर्नलबरोबर एक छोटी शिदोरी स्मृतीत येते, आणि त्या शिदोरीत जे बांधलंय तेवढंच प्लिमथला दिसतं. शिदोरी नव्यानं बांधायला उबुंटूत 'अपडेट-इनिटरॅमएफएस', तर फेडोरात 'ड्रॅकट'. बांधली. ओळ आली, पण 'ग्रंथालय'मधला ग पाय मोडून वेगळा उभा, र वेगळा, आणि 'विजेचं'ची वेलांटी व ओलांडून ज च्या डोक्यावर. युनिकोडमध्ये वेलांटी अक्षरानंतर साठवली जाते. ती अलीकडे आणून बसवायचं काम वेगळ्या यंत्रणेचं. सुरुवातीच्या त्या शिदोरीत अक्षरं काढणारा साधा भाग होता, त्याला हे व्याकरण येत नव्हतं. लॅटिन लिपीत लिहिणाऱ्याच्या हे कधी ध्यानातही येणार नाही.

उपाय अगदी बाळबोध. ओळ लोहितमध्ये लिहून तिचं चित्र केलं आणि चित्र म्हणूनच ठेवलं. शिदोरी पुन्हा बांधली. काका चष्मा वर करून म्हणाले, "आता कसं, आपलं वाटतंय!"

महिनाभरानं पुन्हा फोन. मराठी ओळ येते, पण तिथंच बराच वेळ थांबते. हा चित्रपडद्याचा दोष: तो काळजी झाकतो तसा बिघाडही झाकतो. फोनवरच सांगितलं, "काका, एस्केप दाबा." जुन्या पांढऱ्या ओळी परत आल्या. शेवटची ओळ काकांनी एकेक अक्षर लावत वाचून दाखवली; एका डिस्कची वाट पाहणं चालू होतं, मुदत दीड मिनिट. कुणीतरी जुनी जोडडिस्क काढून नेली होती, पण तिची नोंद यंत्राच्या यादीत तशीच होती. रविवारी जाऊन ती ओळ पुसली.

इथून जवळच खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाश ऐकत असतात. त्यांच्या संकेतांची जुळणी करणारी संगणकांची एक फळीही लिनक्सवर उभारली गेली. तिथल्या मंडळींना चित्रपडद्याची गरज नाही. वारूळवाडीच्या वाचनालयात मात्र बटणाशेजारी काकांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: 'दोन मिनिटं थांबणे. तरी नाही झालं तर एस्केप दाबून ओळ लिहून घेणे. बटण दाबू नये.' तिच्याखाली एका वहीत आतापर्यंत चार ओळी लिहिल्या गेल्या आहेत, सगळ्या इंग्रजी, देवनागरीत उतरवलेल्या.