लाल वाईन, गोड पोर्ट आणि गोमंतकीय ताट

गोव्यात ‘वाईन’ हा शब्द उच्चारला की अनेक घरांत अजूनही एकच बाटली डोळ्यांसमोर येते : गडद लाल, गोड, दाट आणि स्वस्त ‘पोर्ट’. नाताळच्या केकबरोबर ती असते, पाहुण्यांपुढे ती येते, परराज्यातील पर्यटक परतताना पिशवीत ती घेऊन जातात. त्यामुळे दुकानातील शेजारच्या फळीवरून कुणी नाशिकची शिराझ किंवा कॅबरने सोव्हिन्यॉ उचलली आणि घरी जेवताना उघडली, की पहिल्या घोटालाच तोंड वाकडे होते. ‘ही आंबली आहे’ किंवा ‘ही कडू आहे’ असा निकाल दिला जातो आणि उरलेली बाटली मोरीत रिकामी होते. बाटलीत बहुधा दोष नसतो. दोन निरनिराळी पेये एकाच नावाने ओळखली जात असल्यामुळे हा घोटाळा होतो.

खरी पोर्ट ही पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातील. मार्किश द पोंबाल यांच्या काळात, १७५६ मध्ये, त्या खोऱ्याची सीमा कायद्याने आखण्यात आली. द्राक्षरस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षांपासून गाळलेले तीव्र मद्य ओततात. किण्व मरतो, आंबण्याची क्रिया थांबते आणि रसातील बरीचशी साखर तशीच उरते. म्हणून पोर्ट गोड असते आणि तिच्यात मद्यार्काचे प्रमाण १९ ते २२ टक्क्यांच्या आसपास असते. पोर्तुगीज गोव्यातून गेले, नाव मात्र मागे राहिले. आज त्या नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त वाईनचा दोरूशी नावापुरताच संबंध आहे. अशा गोड लाल वाईनसाठी दक्षिणेत ‘बंगलोर ब्लू’ हे द्राक्ष मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. बाटली उघडताच येणारा, बाजारातील द्राक्षसरबताची आठवण करून देणारा ठसठशीत वास याच जातीच्या द्राक्षाचा.

‘ड्राय’ लाल वाईनमध्ये याउलट जवळजवळ सगळी साखर आंबून संपलेली असते. युरोपीय नियमांनुसार लिटरमागे साधारण ४ ग्रॅमपर्यंत साखर असलेली वाईन ‘ड्राय’ मानतात; आम्लता पुरेशी असेल तर ही मर्यादा ९ ग्रॅमपर्यंत जाते. गोडवा गेला की मागे उरतात आम्लता, मद्यार्काची ऊब आणि टॅनिन. टॅनिन म्हणजे द्राक्षाच्या सालीत आणि बियांत असणारा तुरटपणा. बिनदुधाचा, फार उकळलेला चहा प्यायल्यावर जीभ खरखरीत होते, तोच हा गुण. पोर्टची सवय असलेल्या जिभेला तो दोष वाटणे स्वाभाविक आहे.

हजार रुपयांच्या आतील लाल वाईन घ्यायची तर ती बहुतेक भारतीयच असते, आणि त्यामागे कराचे कारण आहे. आयात वाईनवर भारतात दीर्घकाळ १५० टक्के मूळ सीमाशुल्क राहिले. ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला, तेव्हा ५ डॉलरपेक्षा अधिक आयातमूल्याच्या बाटलीवरील शुल्क १०० टक्क्यांवर आले. त्याहून स्वस्त बाटलीला सवलत मिळालीच नाही. म्हणजे परदेशातील साधी, रोजच्या जेवणातील वाईन येथे येईपर्यंत साधी राहत नाही.

देशी बाटल्यांची मोठी पेठ नाशिक. नारायणगावच्या शातो इंडाजने १९८० च्या दशकात वाट दाखवली, नव्या शतकाच्या तोंडावर नाशिकमध्ये सुला उभी राहिली आणि २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणल्यावर या धंद्याला वेग आला. अकलूज परिसरात फ्रातेल्ली, कर्नाटकात नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी ग्रोव्हर, अशी आणखीही नावे आहेत. येथील वेलींना युरोपसारखी हिवाळ्यातील झोप मिळत नाही. त्यामुळे वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते, एप्रिलच्या सुमारास आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. जानेवारी ते मार्च या काळात, थंड रात्री आणि उबदार दिवसांत, काढणी होते. पिकलेल्या फळाचा ठळक स्वाद आणि १२ ते १४ टक्क्यांच्या आसपासचा मद्यार्क ही या वाईनची सर्वसाधारण ओळख.

जातींची नावे पाठ करण्याची गरज नाही, तीन-चार पुरतात. शिराझमध्ये काळ्या मिऱ्याची आणि जांभळासारख्या फळाची छटा असते. कॅबरने सोव्हिन्यॉ अधिक तुरट, कधी हिरव्या ढोबळी मिरचीचा वास देणारी. झिनफँडेल रसाळ आणि मवाळ, पोर्टवरून ड्राय वाईनकडे येणाऱ्याला बहुधा सर्वांत सोयीची. फ्रातेल्लीने अकलूजला रुजवलेली सांजोव्हेझे ही इटालियन जात आंबटसर असते, आणि जेवणाबरोबर आम्लता फार उपयोगी पडते.

चव घेण्याचा विधी उगाच अवघड करून ठेवला आहे. प्याला एक तृतीयांश भरावा, हलके फिरवावा, नाक आत घालून वास घ्यावा, मग घोट तोंडात सगळीकडे फिरवून गिळावा. पाहायच्या गोष्टी चारच : गोड आहे की नाही, लाळ किती सुटते (ही आम्लता), हिरड्या किती आखडतात (हे टॅनिन) आणि घशात ऊब किती लागते. एकच बाटली चाखून मत बनत नाही. दोन मित्रांनी दोन वेगळ्या बाटल्या आणाव्यात, कागदात गुंडाळून शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि किंमत न पाहता निवड करावी. महागडी बाटली दर वेळी जिंकत नाही. फिरकीच्या झाकणाची वाईन हलकी, हाही गैरसमजच. गोव्याच्या उकाड्यात ते झाकण बुचापेक्षा भरवशाचे.

उकाड्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ‘लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम युरोपातील थंड घरांसाठी होता, जिथे खोली १६ ते १८ अंशांची असे. मडगाव किंवा पणजीतील खोली मे महिन्यात तिशीपार जाते. त्या उष्णतेत मद्यार्क नाकात घुसतो आणि बाकी सगळे झाकले जाते. बाटली अर्धा तास शीतकपाटात ठेवून मग उघडावी; स्वस्त वाईनला या एका गोष्टीने जितका फायदा होतो तितका महागड्या प्याल्यानेही होत नाही. दुकानात उन्हाच्या झोतात उभी असलेली, धूळ खात पडलेली बाटली घेऊ नये. वर्ष जितके जुने तितकी वाईन चांगली, हे स्वस्त वाईनला लागू पडत नाही. ती एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच बनवलेली असते.

आता ताटाकडे वळू. मद्य आणि अन्न एकाच मातीत एकत्र वाढले की जोडी आपोआप जुळते. माळव्यात धार-देवासच्या मुलखात, उदयनगरकडच्या वनपट्ट्यात, मोहाची फुले. कोकण-गोव्यात काजू आणि माडाची सूर. द्राक्षाची वाईन आपल्या रांधणीसोबत वाढलेली नाही, म्हणून येथे जोडी मुद्दाम जुळवावी लागते. विंदालूचाच इतिहास पाहा. मूळ पोर्तुगीज पदार्थाच्या नावात वाईन आणि लसूण आहेत. गोव्यात वाईनची जागा माडाच्या सुरेच्या व्हिनेगरने घेतली, मिरची आली आणि पदार्थ पुरता आपला झाला.

याच मिरची आणि व्हिनेगरपाशी ड्राय लाल वाईन अडखळते. मद्यार्क आणि टॅनिन दोन्ही मिरचीची आग भडकवतात. व्हिनेगरच्या आंबटपणापुढे कमी आम्लतेची वाईन पाणचट लागते. म्हणून सोरपोतेल, विंदालू किंवा चोरीस-पाव यांच्याबरोबर तुरट कॅबरने घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. येथे नाक मुरडणाऱ्यांना न पटणारी गोष्ट सांगायला हवी : या पदार्थांबरोबर गोव्याची गोड पोर्ट, चांगली गार करून आणि थोडीच, ड्राय वाईनपेक्षा उजवी ठरते. गोडवा तिखटाला आवरतो. बेबिंकाबरोबरही तीच, कारण वाईन पदार्थाइतकी तरी गोड असावी लागते; ड्राय वाईन बेबिंकापुढे आंबट पाणी वाटते.

ड्राय शिराझसाठी मटणाची शागुती उत्तम. भाजलेले खोबरे, मसाल्यांचा करपूस वास आणि मांसाची चरबी यांच्यापुढे तुरटपणा नरम पडतो, मिरे मिऱ्याला भेटते. तिखट मात्र बेताचे हवे. पावसाळ्यातील अळंब्यांचे तोणाक सांजोव्हेझेसारख्या आंबटसर वाईनबरोबर सुरेख लागते, आणि शाकाहारी घरांत यासारखी दुसरी जोडी शोधणे कठीण. काफ्रेलच्या हिरव्या मसाल्याबरोबर झिनफँडेल चालते.

मासळीचे काय, हा गोव्यातील खरा प्रश्न. तळलेला बांगडा आणि लाल वाईन एकत्र घेतल्यावर तोंडात लोखंडी, हिवस चव का उरते, याचे उत्तर २००९ मध्ये जपानमधील मर्शन या वाईन कंपनीच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले : वाईनमधील लोहाच्या अंशाचा संबंध त्या चवीशी आहे. सगळ्या लाल वाईनमध्ये लोह सारखे नसते, म्हणून कधी जोडी जमते, कधी बिघडते. हुमण-भाताच्या जेवणाला सोलकढीच खरी सोबत. तेथे लाल वाईन आणू नये.

पोर्ट लाल आहे म्हणून रक्त वाढवते, वाईन हृदयाला औषध आहे, असल्या समजुतींवर विसंबून प्याला भरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की मद्यपानाचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही. १५० मिलिलिटरच्या एका प्याल्यात, १३.५ टक्के मद्यार्क धरला तर, सुमारे १६ ग्रॅम शुद्ध मद्य असते. पोर्ट गोड म्हणून भराभर संपते आणि साखरेचा भार वेगळा पडतो. मधुमेह्यांनी तिला सरबत समजू नये.

उघडलेली ड्राय लाल वाईन झाकण घट्ट लावून शीतकपाटात तीन-चार दिवस टिकते. त्यानंतर ती पिण्यात मजा नाही, पण लसूण, मिरे आणि मीठ घालून मांस रात्रभर मुरवायला ती चांगली. विंदालूच्या मूळ कृतीत तिची जागा होतीच.