रात्रीची कणी, सकाळची न्याहारी



ज्याच्या उसावर कारखाना चालतो त्याच्याच रक्तात साखर निघाली, तर हसावे की रडावे? गेल्या हंगामात माझे तेच झाले. डॉक्टरांनी विचारले, "सकाळी काय खाता?" म्हटले, "चहा आणि बटर. उसाला पाण्याची पाळी असली की तेही उभ्या उभ्या." ते म्हणाले, "मग हिशेब करा."

हिशेब केला. दिवसाचे पाच कप, कपाला दोन चमचे, चमचा ५ ग्रॅमचा. झाले ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मोठ्या माणसासाठी सांगितलेली वरची मर्यादा साधारण एवढीच आहे, आणि २५ ग्रॅमच्या आत राहिले तर अधिक बरे. म्हणजे आमची मर्यादा चहातच संपली! गुळाचा चहा केला म्हणून सुटका नाही. गूळही याच हिशेबात धरायचा.

माझी लेक वसई तालुक्यात जूचंद्रला दिली आहे. चंडिकादेवीचे आणि रांगोळीवाल्यांचे हे गाव. तिकडे ऊस नाही, भात आणि मिठागरे. जावई पहाटेच कामावर निघतात. म्हणून लेकीने मंद आचेवर शिजवणारे विजेचे भांडे, म्हणजे स्लो कुकर, घेतले आहे. रात्री त्यात ओटची कणी टाकते, पहाटे न्याहारी तयार. विहीणबाई हसून म्हणाल्या, "अहो, हा तर आमच्या चुलीचा वैलच की! निखारे राखेखाली दाबून आम्ही पेजेचं मडकं रात्रभर वैलावरच ठेवायचो."

करण्याची रीत सोपी आहे. भांड्याला आतून तूप चोळावे. ओटची जाडी कणी १ वाटी, पाणी ४ वाट्या, चवीला मीठ व जिरे घालून झाकण लावावे आणि सर्वांत मंद आचेवर ७ ते ८ तास ठेवावे. ओटचे चपटे पोहे घेऊ नयेत, त्यांचा रात्रीत चिखल होतो. सकाळी ढवळून, थोडे निवल्यावर ताक, शेंगदाण्याचे कूट, कोथिंबीर घालावी. साखर नाही.

ओटच पाहिजेत असे मुळीच नाही. आपल्याकडच्या जोंधळ्याच्या कण्या याच रीतीने होतात. पाणी मात्र वाटीभर जास्त घालावे. विजेचे भांडे नसले तरी अडत नाही. कण्या रात्री भिजत घालून सकाळी प्रेशर कुकरला लावाव्यात.

मंद आचेने धान्यात नवे सत्त्व येते असे नाही. फायदा असा, की पहाटेच्या घाईत घरच्या बाईला चुलीपाशी उभे राहावे लागत नाही आणि कोणी उपाशीपोटी शिवारात जात नाही. जाड्या कणीत कोंडा राहतो, ती सावकाश पचते, त्यामुळे रक्तातली साखर एकदम चढत नाही. ओटमधला चिकट तंतू रोज ३ ग्रॅम पोटात गेला तर रक्तातले कोलेस्टेरॉल उतरण्यास मदत होते. नाचणीची आंबील केली तर चुन्याचा भाग भरपूर मिळतो. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. आच बंद करून शिजलेले अन्न रात्रभर कोमट ठेवू नये, ते बिघडते. आणि गॅस बारीक करून झोपू नये. मधुमेह असलेल्यांनी एकच वाटी घ्यावी व औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

ऊस आपला, कारखाना आपला, साखरही आपली. ती पिकवावी, विकावी, सणासुदीला गोडधोडही करावे. पण सकाळची पहिली वाटी धान्याची असावी, हे मला जरा उशिरा कळले. आपल्याला वेळेवर कळावे म्हणून हा लेखनप्रपंच.