हंगामातला खोकला अंगावर काढू नका



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या नांदेड-लातूर भागात थंडी, धूर आणि खोकला हे तिघेही बरोबरच मुक्कामाला येतात. घरोघरी कुणी ना कुणी खोकत असते आणि "थंडीचं आहे, जाईल आपोआप" असे म्हणून ते अंगावर काढले जाते. माझे शिक्षण शेतीचे, वैद्यकीचे नव्हे. औषध सुचविण्याचा मला अधिकार नाही. परंतु या खोकल्याची बरीच कारणे उसाच्या फडातूनच निघतात, म्हणून हा विषय शेतकी खात्यातर्फे आपणापुढे मांडीत आहे.

साध्या सर्दी-पडशाची फार चिंता नको. ते विषाणूंमुळे होते व बहुधा आठ-दहा दिवसांत हटते. गरम पाणी, मिठाच्या गुळण्या आणि विश्रांती एवढे पुरते. त्यावर भारी गोळ्या आणि सुया मागू नयेत. लहान लेकरांना दुकानातून आणलेले खोकल्याचे औषध तर मुळीच पाजू नये. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाड्याकडे भेसळीच्या खोकल्याच्या औषधाने लेकरे दगावली, हे आपण वाचले असेलच.

आता धुराकडे वळू. तोड झाली की खोडवा लवकर मोकळा व्हावा म्हणून आपण पाचट पेटवितो. एका एकरात साधारण तीन ते चार टन पाचट निघते. थंडीत रात्रीची हवा जड होऊन जमिनीलगत बसते. त्यामुळे संध्याकाळी लावलेल्या काडीचा धूर सकाळपर्यंत गावावरच रेंगाळतो. या धुरातले बारीक कण केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाइतके किंवा त्याहूनही लहान असतात. ते नाका-घशात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. तोंडाला बांधलेला उपरणा त्यांना अडवीत नाही. ज्याला दमा आहे त्याला त्या रात्री झोप नाही. तेव्हा पाचट सरीत दाबा. एकरी सुमारे ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्या. जमिनीला खत मिळते, ओल टिकते, आणि शेजाऱ्याच्या म्हाताऱ्या वडिलांचा दमही शाबूत राहतो. पाचट ठेवले की उंदीर होतात अशी तक्रार काही सभासद करतात. होतात, नाही म्हणत नाही. पण त्याचा बंदोबस्त वेगळा करता येतो, त्यासाठी अख्खे गाव धुरात कोंडायला नको.

दम्याचा पंप घेतला की सवय लागते, हाही एक गैरसमज. पंपातले औषध थेट श्वासनळीत जाते, म्हणून गोळीपेक्षा फार थोडे लागते. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेला पंप बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.

गुऱ्हाळ चालविणाऱ्यांनी आणि बगॅसच्या ढिगावर काम करणाऱ्यांनी पुढचे नीट वाचावे. ताजा चोथा फारसा बाधत नाही. पण ओला चोथा ढिगात महिनोन्‌महिने राहिला की आत तापतो, त्यावर बुरशीसारखे सूक्ष्म जीव वाढतात आणि ढीग उसकटताना त्यांची धूळ छातीत जाते. चार ते आठ तासांनी, म्हणजे बहुधा रात्री, थंडी वाजून ताप येतो, कोरडा खोकला आणि धाप लागते. माणसाला वाटते हिवताप किंवा न्यूमोनिया. या आजाराला १९४१ साली अमेरिकेतील लुईझियाना या ऊस-मुलखात बगॅसोसिस असे नाव मिळाले. वारंवार झाल्यास फुप्फुस कायमचे आकसते. म्हणून जुना ढीग उसकटण्यापूर्वी पाणी मारावे, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे, धुळीचा चांगला मास्क वापरावा. डॉक्टरांना मात्र "मी चोथ्यात काम करतो" हे आपण होऊन सांगावे, कारण ते विचारतीलच असे नाही.

सर्वांत मोठी काळजी कोपीतल्या लेकरांची. एवढ्याशा कोपीत चूल पेटते, धूर बाहेर जायला वाट नसते आणि लेकरू आईच्या कुशीत तिथेच असते. चूल कोपीबाहेर आडोशाला मांडली तरी मोठा फरक पडतो. लेकराला खोकला असेल तर ते शांत असताना पोट वर-खाली होते ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या लेकराचे ४० किंवा जास्त श्वास भरले तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, किंवा लेकरू अंगावर पीत नसेल, तर १०८ ला फोन करा. गाडी खाली होण्याची वाट पाहू नका.

राहिला क्षय. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, बेडक्यात रक्त, यांपैकी काहीही असल्यास सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. तपासणी आणि औषध मोफत आहे. शिवाय आहारासाठी दरमहा मिळणारे अर्थसाहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले आहे. साध्या क्षयाचे औषध सहा महिने चालते. आपला हंगाम त्याहून आधीच उरकतो, आणि नेमकी इथेच गाडी अडते. डिसेंबरात औषध सुरू झालेला तोडकरी मार्चमध्ये मुखेड-कंधारकडे किंवा बीडला परततो. तोवर खोकला थांबलेला असतो, अंगात ताकद आलेली असते, म्हणून गोळ्याही थांबतात. अर्धवट सोडलेला क्षय पुन्हा उठतो तेव्हा नेहमीच्या औषधांना दाद देईलच असे नाही, आणि तोवर कोपीतल्या चार जणांना लागणही होते. औषध गावाकडच्या केंद्रात वर्ग करून मिळते. त्यासाठी निघण्यापूर्वी दवाखान्यात गावाचे नाव व पत्ता सांगावा लागतो, एवढेच. हे काम मुकादमांनी मनावर घ्यावे. टोळीचा हिशेब करतानाच कुणाच्या गोळ्या चालू आहेत तेही विचारावे. गावचा पत्ता आठ दिवस आधी गट कार्यालयात दिल्यास आमचे चिटबॉय तो आरोग्य केंद्रात पोचवतील.

— ऊस विकास अधिकारी