होडीवरची पिशवी विमानतळावर नेऊ नका



आपल्या कितीतरी घरांतली मुलं जहाजावर नोकरीला आहेत. जॉइनिंगसाठी ती दाबोळी किंवा मोपावरून निघतात. सिक्युरिटीत बॅग अडकली आणि विमान चुकलं, तर पुढे जहाजही चुकू शकतं. म्हणून ही माहिती घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

पहिली गोष्ट, होडीवर वापरलेली बॅग प्रवासाला घेऊ नका. घ्यायचीच असेल तर आदल्या रात्री उलटी करून झटका, बाजूचे कप्पेही तपासा. तळाशी राहिलेला गळ किंवा मासे कापायची सुरी एक्स-रेमध्ये लगेच दिसते.

*हातातल्या बॅगेत नको, चेक-इनमध्ये चालेल:* सुरी, कोयता, कात्री, गळ, पाने-पकडी. धारेवर कापड किंवा पुठ्ठा घट्ट गुंडाळा. मोठी बॅग काउंटरवर देऊन झाल्यावर अशी वस्तू हातातल्या बॅगेत सापडली, तर बहुतेक वेळा ती तिथेच सोडावी लागते.

*कुठेच चालत नाही:* संकटाच्या वेळी पेटवायचे फ्लेअर (मुदत संपलेलेसुद्धा), पेट्रोल, डिझेल, लायटर, काडेपेटी. आणि सुकं खोबरं! त्यात तेल असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून मनाई आहे. आईने प्रेमाने बांधून दिलेल्या वाट्या घरीच ठेवा.

*पॉवर बँक:* ही उलट फक्त हातातल्या बॅगेत. विमानाच्या पोटात सामानात तिने पेट घेतला तर कोणाला कळणार? केबिनमध्ये निदान कर्मचारी धावून येतात. मर्यादा १०० वॉट-अवर. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर होते, म्हणजे चालते. छापील आकडा पुसलेला असेल तर ती नेऊ नका.

*सॅटेलाइट फोन:* इथे विशेष सांभाळा. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात तो बाळगणं हा गुन्हा आहे. थुराया, इरिडियम दोन्ही आले. उपग्रहावरून मेसेज पाठवणारं गार्मिन इनरीचसुद्धा त्यातच धरतात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर असं यंत्र सापडल्यामुळे एका परदेशी प्रवासी बाईंवर कारवाई झाली होती. बाहेरच्या बंदरात कोणी स्वस्तात दिला म्हणून घेऊन येऊ नका. नुसता जागा दाखवणारा जीपीएस वेगळा.

*सुकी मासळी:* खारे बांगडे, सुकी सुंगटं दोन-तीन प्लास्टिकमध्ये हवाबंद करून चेक-इनमध्ये टाका. वास आला किंवा पाणी गळलं तर विमान कंपनी सामान नाकारू शकते. परदेशात मासळी नेता येते का, हे त्या देशाच्या नियमावर आहे. आधी विचारून घ्या. आंतरराष्ट्रीय विमानात हातातल्या बॅगेतली द्रव वस्तू १०० मिलीच्या बाटलीतच चालते, म्हणून लोणचं मोठ्या बॅगेत.

*रांगेत उभं राहिल्यावर:* मोबाइल, पाकीट, चाव्या, पट्टा ट्रेमध्ये. लॅपटॉप बाहेर काढून वेगळा. पेसमेकर असेल तर जवानाला आधीच सांगा. बायकांची तपासणी महिला जवानच पडद्याआड करतात, घाबरायचं कारण नाही. बॅग बाजूला घेतली तर हुज्जत घालू नका, आत काय आहे ते सरळ सांगा. बॉम्ब वगैरे शब्द थट्टेतही नको.

पासपोर्ट, सीडीसी आणि जॉइनिंग लेटर हातातल्या बॅगेत वरच ठेवा. देशातल्या प्रवासाला दोन तास, परदेशी प्रवासाला तीन तास आधी पोचा.

या महिन्यात घरातून कोणी निघणार असेल, तर त्याला हे आजच पाठवा.