परशुरामाचे हरवलेले पान

आमच्या रत्नागिरीच्या घरी आजोबांच्या वेळचा गंजिफांचा एक संच आहे. लाकडी पेटीत लाल पाठीची गोल पाने. दशावतारी गंजिफा म्हणजे पाने 120 हवीत. आमच्या पेटीत 119 होती. परशुरामाच्या रंगातले पाच परशूंचे पान नाहीसे झाले होते. परशुरामाच्या भूमीत नेमके परशुरामाचेच पान हरवावे, ह्यावरून आजोबा आजीला जन्मभर चिडवीत आले. वाचकहो, ते पान मी सातव्या वर्षी भिरकावून विहिरीत घालवले होते. आजवर हे कोणाला सांगितले नाही. दिवाळीच्या निमित्ताने मनातला कचरा काढून टाकतो.

यंदा नवरात्र संपता संपता नात म्हणाली, "आजोबा, सावंतवाडीच्या राजवाड्यात आता राहायला मिळतं. ही पानं तिथंच रंगवतात. जाऊ या?"

राजवाडा म्हटला की आम्हा रत्नागिरीकरांच्या डोळ्यांपुढे थिबा राजाचा वाडा उभा राहतो. ब्रह्मदेशच्या ह्या राजाला इंग्रजांनी 1885 साली पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी आमच्या गावी आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेल्या वाड्यात तो 1910 साली राहायला गेला आणि 1916 साली वारला. 1919 साली राणी ब्रह्मदेशी परतली. वाडा अजून देखणा आहे, पण तिथे गेले की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. घरातली माणसे गेली की घराचे असेच होते. सावंतवाडीलाही असेच काहीसे पाहायला मिळणार, ह्या समजुतीने मी पेटी पिशवीत घालून गाडीत बसलो.

सावंतवाडी आम्हाला परकी नाही. संस्थान 1948 साली विलीन झाले तेव्हापासून 1981 साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत ती आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात होती. कोकण रेल्वेचे स्टेशन गावापासून दूर आहे. रिक्षा गावात शिरली, मोती तलावाचे पाणी दिसले आणि समोर राजवाडा. भर गावात, रहदारीच्या रस्त्यालगत! फाटकातून आत शिरलो की मात्र झाडी, जांभ्या दगडाच्या लाल भिंती आणि पाखरांचा कलकलाट. हा राजवाडा तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकीर्दीतला. 1755 ते 1803 हा त्यांचा काळ.

अलीकडे ह्याच आवारातल्या ताईसाहेब वाड्यात पाहुण्यांची सोय केली आहे. अशा जागेला हल्ली 'बुटिक हॉटेल' म्हणतात. म्हणजे खोल्या मोजक्या, आणि प्रत्येक खोलीला स्वतःचा चेहरा. इथे तो चेहरा दशावतारी गंजिफांनी दिला आहे. विष्णूच्या अवतारांच्या चित्रांवरून खोल्यांची सजावट केलेली. एस.टी.च्या प्रवासात आणि धर्मशाळेच्या सतरंजीवर हयात गेलेल्या मला भाडे विचारायचा धीर झाला नाही. नातीने ते परस्पर भरले, आणि मी तेवढ्यापुरता बहिरा झालो.

पण मी आलो होतो तो दरबार हॉलसाठी. एके काळी जिथे मानकरी बसत, तिथे आज चितारी बसतात. मांडीशी पाट, शेजारी रंगाच्या वाट्या, हातात केसासारखा बारीक कुंचला. कोणी मत्स्याला खवले काढतो आहे, कोणी कूर्माच्या पाठीवर नक्षी. मी पाहतच राहिलो. राजवाड्याच्या दिवाणखान्यात कामाचा आवाज असू शकतो, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

गंजिफा हा खेळ इराणकडून आला. बाबराने 1527 साली सिंधमधल्या एका मित्राला गंजिफांचा संच धाडल्याची नोंद आहे. आपल्या लोकांनी त्यात दशावतार आणले. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने : एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत. खेळणारे तिघे, प्रत्येकी चाळीस पाने. दिवसा ज्याच्याकडे राम त्याने उतारी करायची, रात्री ज्याच्याकडे कृष्ण त्याने. त्यातून निम्म्या रंगांत दश्शी मोठी, तर निम्म्यांत एक्का. कोणते पान पडून गेले हे ध्यानात ठेवता ठेवता भल्याभल्यांची तारांबळ उडते.

पुढे छापील पत्ते आले. स्वस्त, सुटसुटीत आणि बावन्नच. गंजिफा माळ्यावर गेल्या आणि चिताऱ्यांचे पोट लाकडी खेळण्यांवर आले. एक वेळ अशी आली की गंजिफा रंगवणारे म्हणून वृद्ध पुंडलिक चितारी तेवढे उरले. तेव्हा राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी ह्यांनी मनावर घेतले. राणीसाहेब स्वतः त्या म्हाताऱ्या कारागिरापाशी शिकायला बसल्या. 1971 साली राजवाड्यातच 'सावंतवाडी लॅकरवेअर्स' हा कारखाना निघाला आणि नवी मुले कुंचला धरू लागली. सावंतवाडीच्या गंजिफांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वेळी राणीसाहेब मात्र हयात नव्हत्या. 2018 साली त्या गेल्या.

मानांकनाने मान मिळतो, पण रोजचा रंग विकत घ्यायला गिऱ्हाईक लागते. मुक्कामाला आलेला पाहुणा सकाळी दरबारात डोकावतो, एखादा संच घेऊन जातो. म्हणून ह्या हॉटेलाचे मला अप्रूप वाटले. निजायला मऊ गादी कुठेही मिळेल. इथे मात्र पाहुण्याच्या पैशाने घरही राहते आणि घरातली कलाही.

एका चितारणीपुढे मी आमची पेटी उघडली. तिने एक पान उचलले, उजेडाकडे धरले, कडेवरून अंगठा फिरवला. "जुनं काम आहे. कापडाचे थर, चिंचोक्याची खळ, वर लाख. आजोबा, परशू काढून देईन मी. पण पाठ जुळायची नाही."

"म्हणजे?"

"पाठी सगळ्या सारख्या हव्यात ना? समोरच्याला कळता कामा नये कोणतं पान आहे ते. तुमची लाख जुनी होऊन काळवंडलीय. माझं पान चकाकणार. लगेच ओळखू येईल."

"येऊ दे ओळखू," मी म्हटले. "तू काढ."

तिने काढलेले पाच परशू आजोबांच्या संचातल्या परशूंपेक्षा थोडे बारीक आहेत. हात वेगळा, काळ वेगळा. पण रंगाला रंग लागला, आणि साठ वर्षांनी पेटीत 120 पाने भरली.

परवा रात्री आम्ही तिघे डावाला बसलो. मी, मुलगा आणि नात. कृष्ण मुलाकडे होता, उतारी त्याची. माझ्या हातातले परशुरामाचे नवे पान मी मोठ्या हुशारीने मध्ये दडवले होते. नातीने एकदाच माझ्या पंख्याकडे पाहिले आणि ती हसत सुटली.

"आजोबा, चकाकतंय हो!"

डाव मी हरलो. विहिरीतल्या पानाचे प्रायश्चित्त ह्याहून स्वस्तात झाले नसते.