एक संगणक, अनेक आवृत्त्या

७ भागिले २ याचे उत्तर पायथन भाषेची दुसरी आवृत्ती ३ देते, तर तिसरी ३.५ देते. दुसरीची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली. तथापि तीत केलेली जुनी संशोधनगणिते पडताळावयाची, तर ती हाताशी हवीच. मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी एकाच संगणकावर दोन्ही नांदवावयाच्या असल्यास ‘पायएन्व्ह’ हे आज्ञा-ओळीवरील साधन उपयोगी पडते. ते प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र फोल्डरात ठेवते आणि आज्ञांच्या शोधमार्गात सर्वांपुढे एक द्वारपाल उभा करते. आज्ञा येताच द्वारपाल प्रथम तात्पुरता निर्देश, नंतर प्रकल्पाच्या फोल्डरातील नोंद व शेवटी सर्वसाधारण निवड पाहतो. आवृत्तीची नोंद प्रकल्पासोबतच राहावी, हेच अशा साधनाच्या रचनेचे मर्म होय.