पांढरीच्या वाटेवरची काळी

जुन्या मराठी मुलखात गावाच्या हद्दीतली जमीन दोन नावांनी ओळखली जाई. ज्या भागात घरे, देऊळ, चावडी आणि आड असत ती पांढरी. आणि तिच्याभोवती शिवारात पसरलेली, जिच्यावर नांगर चाले आणि जिच्यावर सरकारचा सारा बसे, ती काळी. मोजणीदार साखळी घेऊन गावात आला की त्याच्या दप्तरात या दोहोंची गणना वेगवेगळी होई, आणि पांढरीने काळीत पाय पसरावा असे कुणाच्या मनात आले तरी त्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. माझे आजोबा मुळशी तालुक्यातले. त्यांच्या बोलण्यात हे दोन शब्द इतक्या सहजपणे येत, की लहानपणी मला ती रंगांची नावे न वाटता नात्यांची नावे वाटत.

ते शब्द मला पुन्हा आठवले ते घरापासून बारा हजार किलोमीटरांवर, कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताचा नकाशा पाहताना. टोरांटो महानगराला वळसा घालून जाणारा एक हिरवा पट्टा या नकाशावर आहे. २००५ साली कायद्याने आखलेल्या त्या पट्ट्याला ‘ग्रीनबेल्ट’ म्हणतात. शहराची वस्ती जिथे संपते तिथपासून या हिरव्या कडेपर्यंत जी शेतजमीन मध्येच उरली, तिला नकाशात कोणताच रंग मिळाला नाही; ती कोरी राहिली, आणि म्हणून नगररचनाकारांच्या बोलीत तिचे नाव ‘व्हाइटबेल्ट’, म्हणजे पांढरा पट्टा, असे पडले. नांगराखाली असलेल्या काळीला तिच्या हयातीतच पांढरी म्हणून टाकणारा हा शब्द मी ऐकला त्या दिवसापासून, मधल्या काळात त्या जमिनीचे काय होते, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

मी राहतो त्या ब्रॅम्प्टन शहराची उत्तर सीमा म्हणजे मेफील्ड रोड. रस्त्याच्या दक्षिणेला एकसारख्या विटांची, एकमेकांना खेटून उभी असलेली घरे. उत्तरेला कॅलेडनची मका-सोयाबीनची सपाट शेते, मधूनच जुन्या लाकडी धान्यकोठाराचे काळवंडलेले छप्पर, आणि शेताच्या बांधावर, रस्त्याकडे तोंड करून रोवलेली पाटी, जिच्यावर येथे वसाहत उभारण्याचा अर्ज दाखल झाल्याचे जाहीर केलेले असते. ब्रॅम्प्टनची लोकसंख्या २००१ साली सव्वातीन लाख होती; २०२१ च्या जनगणनेत ती साडेसहा लाखांवर गेली. या वीस वर्षांत वाढलेल्या माणसांमध्ये आम्ही मराठी, गुजराती आणि पंजाबी माणसे फार मोठ्या संख्येने आहोत, आणि आमची घरे ज्या जमिनीवर उभी आहेत ती सारी कालपरवापर्यंत काळीच होती.

कॅनडाचा विस्तार पाहिला की येथे जमिनीचा तुटवडा ही कल्पनाच विपरीत वाटते. परंतु १९६०च्या दशकात या देशाने आपल्या जमिनीची प्रतवारी करावयास घेतली, तेव्हा निघालेला निष्कर्ष वेगळाच होता. खडक, बर्फ, दलदल आणि अरण्य वजा जाता भरवशाची शेतजमीन देशाच्या एकंदर भूमीच्या सुमारे ५ टक्केच भरते. आणि पहिल्या प्रतीची जमीन तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. त्या पहिल्या प्रतीच्या जमिनीचा अर्ध्याहून अधिक भाग एकट्या ऑन्टारिओत आहे, तोही बव्हंशी प्रांताच्या दक्षिण टोकाला, जिथे हवामान सौम्य, सरोवरे जवळ, आणि म्हणूनच शहरेही तिथेच. हिमयुगातल्या बर्फाने खरवडून आणलेली चिकणमाती आणि तिच्यावर हजारो वर्षे कुजलेला पाचोळा, यांतून ही माती झाली. ब्रॅम्प्टनच्या परिसरातील एका मातीच्या प्रकाराला मृद्‌सर्वेक्षकांनी ‘चिंग्वाकूसी’ असे नाव दिले आहे. ते येथल्या जुन्या टाउनशिपचे नाव. ती टाउनशिप १९७४ मध्ये ब्रॅम्प्टन आणि कॅलेडन यांत वाटली जाऊन दप्तरातून गेली, आणि नाव मातीकडे राहिले.

या जमिनीचा पहिला फेरफार मात्र शेतकऱ्याच्या नावे झालेला नाही, हे येथे नमूद केलेच पाहिजे. २८ ऑक्टोबर १८१८ रोजी येथल्या मूळनिवासी मिसिसागा लोकांचा प्रमुख अजेटन्स याने इंग्रज सरकारशी एक करार केला, आणि त्यान्वये सुमारे ६,४८,००० एकरांचा मुलूख, दरसाल ५२२ पौंड १० शिलिंग किमतीच्या मालाच्या बदल्यात, सरकारच्या ताब्यात गेला. करारापूर्वीच्या काही दशकांत रोगराईने आणि वसाहतवाल्यांच्या अतिक्रमणाने ते लोक खचून गेले होते. मासेमारीचे प्रवाह आणि शिकारीची राने हातची गेल्यावर त्यांच्यापाशी घासाघीस करण्याचे बळ उरले नव्हते. त्यानंतर लगेच मोजणीदार आले, आणि नदी-ओढ्यांची पर्वा न करता त्यांनी सरळ रेघांनी आखलेल्या चौकटी आजही आमच्या रस्त्यांच्या रूपाने जशाच्या तशा आहेत. एका लोकसमूहाचे रान मोडून ही काळी झाली. तिची पांढरी होण्याच्या दुःखाची चर्चा करताना ही मूळची खूण पुसून चालणार नाही.

आता त्या मधल्या काळाविषयी. शहराची हद्द पुढे सरकणार असा वास आला की विकासक मंडळी शेत विकत घेतात किंवा विकत घेण्याचा करार करून ठेवतात. परवानग्या मिळून प्रत्यक्ष बांधकामाला हात लागेपर्यंत दहा, पंधरा, कधी पंचवीस वर्षे लोटतात. तेवढा काळ जमीन पडीक ठेवणे परवडत नाही, कारण ऑन्टारिओत नोंदणीकृत शेतीच्या जमिनीवर निवासी दराच्या फार तर २५ टक्के कर बसतो. शेतीचे वार्षिक उत्पन्न किमान ७,००० डॉलर दाखवावे लागते, आणि ती शेती मालकानेच केली पाहिजे असे नाही, कुळाने केली तरी चालते. म्हणून नवा मालक ते शेत शेजारच्या एखाद्या शेतकऱ्याला खंडाने देतो. बहुधा तो शेतकरी कालपर्यंत त्याच जमिनीचा धनी असतो, किंवा त्या धन्याचा मुलगा.

अशा एका शेतकऱ्याशी माझी ओळख शनिवारच्या बाजारात झाली आणि पुढे त्याने मला आपले शेत दाखविले. सुगीचे दिवस होते. सोयाबीनच्या करड्या शेंगा वाजत होत्या. शेताच्या सखल कोपऱ्यात पाणी साचून पीक पिवळे पडले होते, आणि तिथे उभा राहून त्याने मला जमिनीखालची गोष्ट सांगितली. येथली चिकणमाती बर्फ वितळल्यावर आठवडेच्या आठवडे ओली राहते; तिच्यातले पाणी काढून देण्यासाठी जुन्या शेतकऱ्यांनी हातभर लांबीच्या भाजक्या मातीच्या नळ्या, टोकाला टोक लावून, कमरेइतक्या खोल पुरून ठेवल्या. दोन नळ्यांच्या फटीतून पाणी आत झिरपते आणि उताराने ओढ्याला मिळते. अशा नळ्यांची ओळ फुटली तर ती खणून नवी घालावी लागते. त्या खर्चाची भरपाई व्हायला कित्येक हंगाम जातात. “माझा करारनामा एका वर्षाचा आहे,” तो म्हणाला. “मी नळी कुणासाठी घालू?” शेणखताचे तेच, आणि एकदा पेरले की तीन-चार वर्षे उभ्या राहणाऱ्या लसूणघासाचे तेच. मका आणि सोयाबीन तेवढी उरतात, कारण ती वसंतात पेरून त्याच वर्षी पदरात पडतात.

माझ्या मते सगळे मर्म या एका वर्षाच्या करारनाम्यात आहे. यंत्र येऊन जमीन उकरते तो दिवस डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण त्याला मृत्यूचा दिवस म्हणतो. परंतु उद्याची खात्री संपली त्याच दिवशी त्या काळीशी असलेले माणसाचे नाते सुटलेले असते. आमच्या मुळशीत हेच मी पाहिले. हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या, आणि माण-मारुंजीपर्यंतच्या शिवारांत बांध घालणे, विहिरीचा गाळ काढणे, आंब्याचे रोप लावणे हळूहळू थांबत गेले. सातबारावर जिराईत लिहिलेली जमीन मनातून ‘एन. ए.’ होऊन बसली होती. कलेक्टरचा हुकूम मागाहून आला. सरकारने जिथे जमीन स्वतः संपादली तिथे झगडा उघड्यावर तरी झाला: १९७० पासून नवी मुंबईसाठी ठाणे-पनवेल-उरण भागातल्या ९५ गावांची जमीन घेण्यात आली, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्र उभे राहिले, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व पदरात पडले. मुळशीतल्या प्रतीक्षेला असा दिवस नाही, हुतात्मा नाही.

सरकारच प्रतीक्षेचे कारण झाले म्हणजे काय होते, याचे कॅनडातले उदाहरण टोरांटोच्या पूर्वेस आहे. २ मार्च १९७२ रोजी केंद्र सरकारने पिकरिंग येथे नवा विमानतळ बांधण्याचे जाहीर केले आणि सुमारे १८,६०० एकर जमीन संपादली. ‘पीपल ऑर प्लेन्स’ या नावाने रहिवाशांनी चळवळ उभारली. १९७५ साली प्रांतिक सरकारने विमानतळासाठी रस्ते-पाणी पुरविण्याचे नाकारले आणि योजना थांबली. थांबली, परंतु रद्द झाली नाही. जे धनी होते ते आपल्याच घरात सरकारचे भाडेकरू झाले. घरे रिकामी होत गेली, कित्येक पाडली गेली, शेते अल्प मुदतीच्या खंडाने कसली जाऊ लागली. काही भाग पुढे रूज राष्ट्रीय नागरी उद्यानात गेला. आणि विमानतळ होणार नाही, असे शेवटी सरकारने जाहीर केले ते जानेवारी २०२५ मध्ये. त्रेपन्न वर्षे! मॉन्ट्रियलजवळच्या मिराबेलला निदान विमानतळ तरी झाला. १९६९ साली सुमारे ९७,००० एकर घेऊन बांधलेल्या त्या विमानतळावरची प्रवासी वाहतूक २००४ मध्ये बंद पडली. बहुतेक जमीन तत्पूर्वीच, १९८५ पासून, शेतकऱ्यांना परत देण्यास सुरुवात करावी लागली होती.

या रोगावर उपाय योजण्याचे धैर्य प्रथम दाखविले ते पश्चिम किनाऱ्यावरच्या ब्रिटिश कोलंबियाने. डेव्ह बॅरेट यांच्या सरकारने डिसेंबर १९७२ मध्ये शेतजमिनीचे रूपांतर एका आदेशाने गोठविले आणि एप्रिल १९७३ मध्ये कायदा करून कृषिभूमीचे राखीव क्षेत्र निर्माण केले. प्रांताच्या अवघ्या ५ टक्के भूमीला, सुमारे ४६ लाख हेक्टरांना, हे संरक्षण मिळाले. शेतकरीच त्या वेळी विधानभवनावर चालून गेले, कारण म्हातारपणी जमीन विकून येणारा पैसा हीच त्यांची पेन्शन होती. त्यांची तक्रार खोटी नव्हती. पाच वर्षांनी क्वेबेकने असाच कायदा केला. ऑन्टारिओने २००५ साली सुमारे १८ लाख एकरांचा ग्रीनबेल्ट आखला, त्यात नायगाराच्या द्राक्ष-पीच बागा आणि हॉलंड मार्शची कांदा-गाजराची काळीभोर जमीन आली. अशा रेषेने किती एकर वाचले याचा हिशेब लोक मांडतात. मला तिचा मोठा गुण दिसतो तो असा की, रेषेच्या आतल्या शेतकऱ्याला नळी कुणासाठी घालावी हा प्रश्न पडू नये.

म्हणूनच २०२२ च्या नोव्हेंबरात जे घडले त्याचे घाव रेषेच्या आत फार खोलवर गेले. पन्नास हजार घरे बांधण्याचे कारण देऊन ऑन्टारिओतल्या डग फोर्ड यांच्या सरकारने पंधरा ठिकाणची सुमारे ७,४०० एकर जमीन ग्रीनबेल्टमधून वगळली. ऑगस्ट २०२३ मध्ये प्रांताच्या महालेखापरीक्षक बॉनी लायसिक यांचा अहवाल आला: पंधरापैकी चौदा जागा गृहनिर्माणमंत्र्यांच्या मुख्य सहायकाने पुढे केलेल्या होत्या, काही विकासकांना झुकते माप मिळाले होते, आणि जमीनमालकांच्या मालमत्तेचे मोल ८३० कोटी डॉलरांनी वाढण्याचा संभव होता. ४ सप्टेंबरला मंत्री स्टीव्ह क्लार्क यांनी राजीनामा दिला. २१ सप्टेंबरला फोर्ड यांनी निर्णय मागे घेत जनतेची माफी मागितली, आणि पुढे कायद्याने त्या जमिनी परत पट्ट्यात आल्या. लोकमताचा हा विजय मी आनंदाने पाहिला. तथापि एकदा हललेली रेषा पुन्हा हलू शकते, हे खंडाने देणाऱ्यालाही कळले आणि घेणाऱ्यालाही.

घरे हवीत हे मी नाकारीत नाही. नाकारण्याचा मला अधिकारही नाही. आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात भेटणारी नवी मुले तळघरातल्या एका खोलीला पगाराचा तिसरा हिस्सा मोजतात. परंतु घरांच्या महागाईवर उपाय सुचविण्यासाठी ऑन्टारिओ सरकारनेच नेमलेल्या समितीने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट सांगितले होते की जमिनीचा तुटवडा हे या संकटाचे कारण नव्हे. वस्तीच्या आतच, जुन्या चौकटीत, पुष्कळ जागा आहे. दोन मजली घरांच्या रांगेत चार मजले चढविणे शेजाऱ्यांना रुचत नाही, आणि शेतातल्या सोयाबीनला शेजारी नसतो. २०१६ ते २०२१ या काळात प्रांतातली शेतजमीन दिवसाला सरासरी ३१९ एकरांनी घटली. ती सगळीच घरांखाली गेली असे नव्हे, काही नुसतीच शेतीतून सुटली. मात्र ही सुटलेली जमीन बहुधा प्रतीक्षेतलीच असावी, असे मला वाटते.

गेल्या वसंतात मी घरामागे मेथी आणि मिरचीसाठी वाफा खणत होतो. गवताखाली वीतभर काळी माती, तीही बाहेरून आणून पसरलेली, आणि तिच्याखाली यंत्रांनी दाबून दगड झालेला पिवळा थर. मूळची माती बांधकामापूर्वी खरवडून नेलेली असते. कुदळ तिसऱ्यांदा मारली तेव्हा खणकन वाजले. हाताला लागला तो विटकरी रंगाचा, आतून गोल घासलेला, बोटभर जाडीचा तुकडा, भाजक्या मातीच्या नळीचा. तो धुऊन मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला आहे. अंगणाच्या त्याच कोपऱ्यात, बर्फ वितळले की, पाणी येऊन थांबते. यंदा ते एप्रिलच्या अखेरपर्यंत हलले नाही.